थर्मल कागदावरील पावत्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि मिरज परिसरातील दुकाने, दवाखाने, अडत्यांच्या पेढ्या आणि वजनकाटे यांना बिलाचे थर्मल, म्हणजे उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदाचे, रोल पुरवताना व त्यांची यंत्रे दुरुस्त करताना जे प्रश्न आमच्यापुढे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. रोल विकणे हा आमचा व्यवसाय असला, तरी या कागदावर काय छापू नये हे सांगणेही त्याच व्यवसायाचा भाग आहे, असे आम्ही मानतो.

प्रश्न : यंत्रात शाई नाही, रिबन नाही; मग पावतीवर अक्षरे उमटतात कशी?

अक्षरे उमटवणारा रंग यंत्रात नसून कागदातच असतो. साध्या कागदावर आधी भाजलेल्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा एक थर दिलेला असतो. तो पृष्ठभाग गुळगुळीत करतो आणि वरून मिळणारी उष्णता खाली झिरपू देत नाही. त्याच्यावर खरा कामाचा थर असतो. या थरात दोन पदार्थ अतिशय बारीक कणांच्या रूपात शेजारी शेजारी बसवलेले असतात. पहिला ‘ल्युको डाय’, म्हणजे मुळात बिनरंगी असलेले रंगद्रव्य, आणि दुसरा ‘डेव्हलपर’, म्हणजे सौम्य आम्लधर्मी पदार्थ. दोन्ही घन अवस्थेत असेपर्यंत त्यांच्यात काहीही घडत नाही आणि कागद पांढरा राहतो. सोबत सेन्सिटायझर नावाचा तिसरा पदार्थ असतो. तो गरम होताच वितळतो आणि या दोघांना आपल्यात विरघळवून घेऊन एकत्र आणतो. डेव्हलपरच्या आम्लधर्मामुळे रंगद्रव्याच्या रेणूतील एक बंद कडे उघडते, रेणूची रचना बदलते, तो प्रकाश शोषू लागतो आणि जेथे हे घडले तेथे आपल्याला काळा ठिपका दिसतो. कागद लगेच थंड होतो आणि ते मिश्रण त्याच अवस्थेत थिजून राहते.

सांगलीकराला हे समजावून सांगायला हळदीइतके सोयीचे उदाहरण नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते. थर्मल कागदात आम्लाने रंग येतो, म्हणजे दिशा उलटी आहे. पण आलेला रंग परत जाऊ शकतो, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच. छापलेल्या पुस्तकातील शाई कागदाच्या तंतूंना धरून बसते. थर्मल पावतीवरील काळेपणा हा दोन रसायनांचा केवळ सहवास असतो. तो सहवास मोडणारी कोणतीही गोष्ट अक्षर पुसते आणि तो नको तेथे घडवणारी कोणतीही गोष्ट कागद काळा करते. या कागदाचे जवळजवळ सगळे दोष या एका गुणधर्मातून निघतात.

प्रश्न : हातातील पावती थर्मल आहे की साधी, हे घरी कसे ओळखावे?

गुळगुळीत बाजूवर नखाने जोरात एक रेघ ओढावी. घर्षणाने निर्माण झालेल्या उष्णतेमुळे करडी किंवा काळी रेघ उमटली, तर कागद थर्मल आहे. मागील बाजूवर अशी रेघ उमटत नाही, कारण रसायनांचा थर सहसा एकाच बाजूला असतो. रोल उलटा बसवल्यावर यंत्र व्यवस्थित चालत असूनही कोरी पावती बाहेर येते, तेही याच कारणामुळे. यंत्र बिघडल्याची तक्रार आली की आम्ही फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो.

प्रश्न : छपाईच्या वेळी यंत्राच्या आत नेमके काय घडते?

यंत्राच्या हेडवर, म्हणजे कागदाला टेकणाऱ्या छपाईच्या भागावर, सूक्ष्म रोधकांची (रेझिस्टरची), म्हणजे वीज सोडताच तापणाऱ्या ठिपक्यांची, एक सरळ ओळ असते. बिलांच्या बहुतेक यंत्रांत दर मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके), इतकी त्यांची दाटी असते. लहान रोलच्या यंत्रात ४८ मिलिमीटर रुंदीत ३८४ ठिपके आणि मोठ्या रोलच्या यंत्रात ७२ मिलिमीटर रुंदीत ५७६ ठिपके बसतात. रबराचा रूळ कागद पुढे सरकवत असताना, ज्या ठिकाणी काळे हवे तेथील रोधक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात तापतो आणि थंड होतो. हेड अक्षर असे छापतच नाही. ते ओळीमागून ओळ ठिपके तापवत जाते. म्हणूनच एखादा रोधक जळाला, की त्या जागी पावतीच्या वरपासून खालपर्यंत एक सरळ पांढरी रेघ दिसते. अशा वेळी रोल बदलून काहीही होत नाही, हेडच बदलावे लागते. रेघ अधूनमधून तुटक दिसत असेल, तर मात्र आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसून पाहावे. बऱ्याचदा साचलेली कागदाची भुकटी हेच कारण निघते.

प्रश्न : दोष इतके असताना हा कागद सगळीकडे पसरला कसा?

सोय आणि खर्च यांमुळे. इंटिग्रेटेड सर्किटच्या शोधासाठी २००० साली नोबेल पारितोषिक मिळालेले जॅक किल्बी यांच्याकडेच थर्मल प्रिंटरच्या शोधाचेही श्रेय जाते. ते ज्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत होते, तिने १९७१ साली ‘सायलेंट ७००’ हे थर्मल छपाईचे टर्मिनल बाजारात आणले. नावाप्रमाणेच त्याचा आवाज होत नसे आणि त्या काळातील खडखडणाऱ्या टेलिप्रिंटरच्या तुलनेत ही मोठी गोष्ट होती. पुढे फॅक्स यंत्रांनी हा कागद जगभर नेला. ज्यांनी जुन्या कार्यालयांत काम केले आहे, त्यांना गुंडाळी होणारा तो चकचकीत फॅक्सचा कागद आणि फॅक्स आल्याबरोबर त्याची झेरॉक्स काढून ठेवण्याचा नियम आठवत असेल. तो नियम शहाणपणाचा होता. यंत्रे बदलली तसा तो विसरला गेला, कागद मात्र तोच राहिला.

दुकानदाराच्या दृष्टीने पाहिले तर यंत्रात भरायला फक्त रोल लागतो. शाई वाळत नाही, रिबन फिकी पडत नाही, हलणारे भाग थोडे असल्याने दुरुस्ती कमी लागते आणि सणासुदीच्या गर्दीत बिल दोन सेकंदांत हातात पडते. एसटीच्या कंडक्टरकडील तिकिटांची पेटी आणि पंच जाऊन त्या जागी हातातले यंत्र आले, तेही याच बळावर. तिकिटासारख्या, प्रवास संपला की काम संपणाऱ्या कागदासाठी हे तंत्र उत्तम आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तक्रार आहे ती वर्षानुवर्षे जपायच्या कागदांसाठी ते वापरले जाते याची.

प्रश्न : पावती कपाटात नीट जपून ठेवली होती, तरी अक्षरे उडाली. असे का व्हावे?

‘नीट जपून’ म्हणजे नेमकी कशात ठेवली होती, हे पाहावे लागते. मऊ आणि पारदर्शक प्लास्टिकच्या फाइली, पाकिटातील खिडक्या आणि रेक्झिनचे कप्पे बहुधा पीव्हीसीचे असतात. मुळात कडक असलेले हे प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे प्लास्टिसायझर मिसळलेले असते. ते हळूहळू पृष्ठभागावर येते, चिकटून असलेल्या कागदात शिरते आणि थिजलेल्या मिश्रणातील रंगद्रव्य व डेव्हलपर यांना एकमेकांपासून दूर करते. उघडलेले कडे पुन्हा मिटते आणि काळा ठिपका बिनरंगी होतो. याला कधी काही महिने लागतात, तर उन्हाळ्यात काही आठवडेही पुरतात. म्हणजे उघड्यावर पडलेल्या पावतीपेक्षा प्लास्टिकमध्ये जपलेली पावती आधी कोरी होते, असा उलटा अनुभव लोकांना येतो तो यामुळे.

सेलोटेप आणि डिंक यांचे काम वेगळे नाही. टेपच्या चिकट थरातील द्रव्ये खाली उतरतात आणि बरोबर टेपच्या आकाराची पट्टी फिकी होते. हाताचा घाम, डोक्याचे तेल, तूप, हातावर लावायची क्रीम यांतील तेलकट अंशही तेच करतो. प्रकाशाचा परिणाम सावकाश पण निश्चित होतो. विशेषतः अतिनील किरण रंगद्रव्याच्या रेणूलाच इजा करतात आणि कागद पिवळट होत जातो. पावसाळ्यातील दमट हवा एकटी फारसे बिघडवत नाही, परंतु तेल किंवा प्लास्टिसायझर यांच्या जोडीला ती आली की काम लवकर उरकते.

सॅनिटायझर किंवा स्पिरिट सांडल्यास अनेकदा याच्या उलट घडते. अल्कोहोल दोन्ही पदार्थांना विरघळवून एकत्र आणते, त्यामुळे उष्णता न लागताही कोऱ्या जागी करडा किंवा काळा डाग पडतो आणि मजकूर त्या डागात बुडून जातो.

प्रश्न : ईसीजीची पट्टी दवाखान्याच्या फाइलमध्ये आहे. ती टिकेल का?

मिरजेला दवाखान्यांचे गाव म्हणतात आणि उपचारासाठी जिल्ह्याबाहेरून, अगदी कर्नाटकातूनही, माणसे येथे येतात. त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक येतो आणि त्याचे उत्तर आम्ही सर्वाधिक गांभीर्याने देतो. ईसीजीचा लालसर चौकड्यांचा कागद बहुतांश यंत्रांत थर्मलच असतो. त्यावरील चौकडी कारखान्यातच साध्या शाईने छापलेली असते, पण हृदयाची रेघ यंत्र उष्णतेने काढते. कागद सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने सरकतो, म्हणून एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा धरतात. रेघ उडाली, तर मागे उरते ती फक्त चौकडी.

आमच्याकडे एका गृहस्थांनी आणलेल्या फाइलमध्ये अशीच एक पट्टी होती. ती जाड कागदावर टेपने चिकटवलेली होती आणि वर पारदर्शक प्लास्टिकचे आवरण होते. टेपच्या दोन पट्ट्यांखाली चौकड्या अगदी ठळक आणि रेघ पूर्ण नाहीशी. टेपच्या मधल्या भागात रेघ फिकट तपकिरी. आणि जेथे कडेचा तुकडा घडी पडून आवरणापासून सुटला होता, तेवढ्याच जागी ती काळीभोर. जुनी ईसीजी नव्या ईसीजीशी ताडून पाहणे हृदयरोगाच्या निदानात किती महत्त्वाचे असते, हे डॉक्टर सांगतातच. पण ताडून पाहायला त्या पट्टीवर काहीच उरले नव्हते.

म्हणून ईसीजी काढल्याच्या दिवशीच तिची साध्या कागदावर झेरॉक्स काढावी किंवा सपाट ठेवून, सावली न पडू देता फोटो घ्यावा, आणि त्यात रुग्णाचे नाव, तारीख व वेळ स्पष्ट दिसते आहे याची खात्री करावी. मूळ पट्टी ठेवायची असल्यास कागदी लिफाफ्यात ठेवावी. सोनोग्राफीच्या यंत्राजवळील छोट्या प्रिंटरवर निघणारी चकचकीत चित्रेही बहुधा थर्मल कागदावरचीच असतात. बाळाचे पहिले चित्र म्हणून ती अल्बममध्ये चिकटवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : लॅमिनेशन करून घेतले तर पावती कायमची टिकेल ना?

कृपया करू नये. गरम रुळांतून जाताना संपूर्ण कागद एकदम काळा होतो आणि तो परत पांढरा करता येत नाही. थंड पद्धतीच्या चिकट लॅमिनेशनमध्ये कागद काळा पडत नाही, परंतु गोंदामुळे अक्षरे पुढे फिकी होतात.

प्रश्न : सर्व काळजी घेतल्यास अशी पावती किती वर्षे टिकते?

चांगल्या प्रतीचा साधा थर्मल कागद अंधारात, २५ अंश सेल्सिअसच्या आत आणि मध्यम आर्द्रतेत ठेवला, तर साधारण पाच ते सात वर्षे वाचता येतो, असे उत्पादक सांगतात. वरून संरक्षक थर दिलेला कागद याहून बराच जास्त टिकतो. पण २५ अंश आणि अंधार या अटी आपल्याकडे वर्षातील किती महिने आपोआप पाळल्या जातात, याचा विचार प्रत्येकाने करावा. पत्र्याच्या शेडमधील काट्यावर किंवा दक्षिणेकडे तोंड असलेल्या दुकानाच्या गल्ल्यात एप्रिल-मे महिन्यांत ते शक्य नाही. हलक्या प्रतीच्या कागदावरील मजकूर वर्षाच्या आतही पुसट झालेला आम्ही पाहतो.

प्रश्न : गाडीच्या काचेजवळ ठेवलेली पावती काळी पडली. हा कागदाचा दोष आहे का?

नाही. साधा थर्मल कागद साधारण ६० ते ७० अंशांना करडा होऊ लागतो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्याच्या दुपारी इतके तापमान सहज होते. गरम चहाचा कप बिलावर ठेवल्यास गोल वर्तुळ उमटते, तेही यामुळेच.

प्रश्न : उसाच्या काट्याची पावती आणि बाजार समितीतील पट्टी यांचे काय करावे?

या दोन कागदांवर शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब उभा असतो, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत रक्कम मिळणे अपेक्षित असले, तरी पुढच्या हप्त्यांचा आणि वजनाच्या वादाचा विषय हंगाम संपल्यावरही चालू राहू शकतो. तोवर ती पावती कोठे असते? आधी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशात, घाम आणि डिझेलच्या हाताने दुमडलेली. मग घरी, सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत. रंग उडवण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती मुद्दाम निर्माण करणेही अवघड आहे. हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यानंतर मिळणारी पट्टी काही पेढ्यांवर अजून डॉट मॅट्रिक्स यंत्रावर, कार्बनच्या प्रतीसह निघते; तिथे रिबनची शाई कागदावर ठोकली जात असल्याने ती अनेक वर्षे वाचता येते. ज्या पेढ्यांनी थर्मल यंत्र घेतले आहे, त्यांना आमची सूचना अशी की गाडी क्रमांक, वजन आणि दर असलेली अंतिम पट्टी तरी साध्या कागदावर छापून द्यावी. रोलची विक्री त्यामुळे थोडी कमी झाली तरी चालेल.

शेतकऱ्याने आपल्या बाजूने एवढे करावे : पावती हातात पडताच, काट्यावरून निघण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि निव्वळ वजनाचा आकडा, तारीख व पावती क्रमांक वहीत बॉलपेनने लिहून ठेवावेत. पावतीच्या कोऱ्या मागील बाजूवर लिहिले तरी चालते. समोरचे उडाले तरी ते राहते.

प्रश्न : बेदाण्याच्या बॉक्सवरील बारकोडची लेबलेही अशीच उडतात का?

लेबल छापण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत लेबलच थर्मल कागदाचे असते आणि त्याला वर सांगितलेले सर्व नियम लागू पडतात. दुसरीत हेडची उष्णता मेणाच्या किंवा रेझिनच्या रिबनवरील काळा रंग वितळवून साध्या लेबलावर बसवते. हा रंग टिकतो. शीतगृहात महिनोन्महिने राहणाऱ्या आणि बाहेर काढताच घाम सुटणाऱ्या बॉक्ससाठी रिबनची पद्धतच घ्यावी. यंत्र दिसायला जवळपास सारखे असते, म्हणून खरेदी करताना विचारून घ्यावे.

प्रश्न : जीएसटीसाठी आणि वॉरंटीसाठी अशी बिले चालतात का?

बिल थर्मल कागदावर आहे म्हणून ते अमान्य ठरत नाही. पण ते वाचता आले पाहिजे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. हा काळ आणि साध्या थर्मल कागदाचे उत्तम परिस्थितीतील आयुष्य शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर पेट्रोलपंपाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानातील बिलांचा गठ्ठा खिळ्याला टोचून ठेवणे पुरेसे नाही, हे लक्षात येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार दाखल करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. फ्रिज, बॅटरी, मिक्सर यांची बिले घेतानाच साधी प्रत किंवा मोबाइलवर पीडीएफ मागून घ्यावी. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. दुकानदाराला बटण कोठे आहे ते माहीत नसते, इतकेच.

प्रश्न : उडालेली अक्षरे परत आणता येतात का?

काही वेळा, अंशतः. सर्वप्रथम चांगल्या उजेडात फोटो किंवा स्कॅन घ्यावा आणि त्यात कॉन्ट्रास्ट वाढवून पाहावा. डोळ्यांना न दिसणारा फिकट फरकही असा पुढे येऊ शकतो. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली धरल्यास कधी कधी मजकुराच्या जागा ओळखू येतात. काही जण मागील बाजूने केस वाळवण्याच्या यंत्राची मंद गरम हवा देतात. त्यामुळे कोरा भाग काळा होत जातो आणि अक्षरांच्या जागा फिक्या राहिल्या तर मजकूर उलट्या रंगात वाचता येतो. हा उपाय एकदाच करता येतो आणि फसला की कागद गेला, म्हणून फोटो घेतल्याशिवाय व अन्य मार्ग संपल्याशिवाय तो करू नये. त्याआधी दुकानात जाऊन तारीख सांगून दुसरी प्रत मागावी. सेलोटेपखालील अक्षरे बहुधा परत येत नाहीत, आणि टेप ओढून काढल्यास रसायनांचा थरच निघून येतो.

प्रश्न : या कागदामुळे कर्करोग होतो, असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यात कितपत तथ्य आहे?

संदेशांतील भाषा भडक असते, परंतु चिंतेचा विषय खरा आहे आणि तो नेमका समजून घ्यावा. डेव्हलपर म्हणून अनेक दशके बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, वापरले गेले. प्लास्टिकमध्ये बीपीए मोठ्या साखळीत बांधलेले असते. थर्मल कागदात ते मोकळे असते, आणि वजनाच्या एक-दोन टक्के असू शकते, त्यामुळे नुसत्या स्पर्शाने बोटांना लागते. शरीरात ते इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागू शकते. प्रजननक्षमता आणि गर्भाची वाढ यांवरील परिणामांच्या दृष्टीने त्याकडे प्रामुख्याने पाहिले जाते. युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून, वजनाच्या ०.०२ टक्के किंवा त्याहून अधिक बीपीए असलेला थर्मल कागद बाजारात आणण्यास मनाई केली. त्याआधी, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की हाताला सॅनिटायझर लावून लगेच पावती हाताळल्यास बीपीए कितीतरी अधिक प्रमाणात हातावर येते, कारण असल्या द्रवांतील घटक त्वचेतून पदार्थ आत शिरणे सोपे करतात.

आठवड्यातून चार पावत्या घेणाऱ्या ग्राहकाने घाबरण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. दिवसभर शेकडो पावत्या फाडून देणारे कॅशिअर, मेडिकल दुकानातील मुले-मुली आणि एसटीचे कंडक्टर यांची गोष्ट वेगळी आहे, आणि गर्भवती कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर मालकाने हा विषय स्वतःहून काढावा. पावती चुरगळू नये, छापील बाजू आत येईल अशी दुमडावी, तोंडात धरू नये, क्रीम किंवा सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने घेऊ नये आणि डबा उघडण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. दोन्ही हातांत पिशव्या असल्या की पावती ओठांत धरण्याची आपल्याकडील सवय सर्वांत वाईट. भडंगाच्या पाकिटात किंवा पार्सलच्या पिशवीत खाद्यपदार्थाला चिकटून पावती टाकू नये. ती बाहेरून लावावी. लहान मुलांना खेळायला रोल देऊ नये.

प्रश्न : ‘बीपीए-फ्री’ लिहिलेला रोल घेतला म्हणजे प्रश्न मिटला का?

तेवढ्याने मिटत नाही. बीपीएच्या जागी अनेकांनी बिस्फेनॉल एस वापरायला सुरुवात केली. ते त्याच कुळातले असून त्याच्याबद्दलही तशाच शंका आहेत. स्वित्झर्लंडने तर थर्मल कागदात दोन्हींवर बंदी घातली आहे. म्हणून खोक्यावर ‘फिनॉल-फ्री’ किंवा ‘बिस्फेनॉल-फ्री’ लिहिले आहे का ते पाहावे. अशा कागदात डेव्हलपर वेगळ्या रासायनिक कुळातला असतो. रसायनांचा हा खेळच टाळणारा एक कागद जर्मनीतील कोहलर कंपनीने काढला आहे : त्यात काळ्या थरावर सूक्ष्म पोकळ कणांचा अपारदर्शक थर असतो, उष्णतेने ते कण कोसळतात आणि खालचा काळा रंग दिसू लागतो. कोरा असताना हा कागद निळसर-करडा दिसतो. त्यातील छपाई प्रकाशाने उडत नाही, कारण तेथे उडण्यासारखे रंगद्रव्य नसते. किंमत मात्र साध्या रोलपेक्षा अधिक असते.

प्रश्न : दुकानासाठी रोल घेताना काय पाहावे?

रुंदी यंत्राप्रमाणे ठरलेली असते. फसवणूक होते ती लांबीत आणि प्रतीत. बाहेरून जाड दिसणाऱ्या रोलची आतली नळी मोठी असू शकते, म्हणून व्यासावर न जाता मीटरमध्ये लांबी विचारावी आणि शंका आल्यास एक रोल वजन करून दुसऱ्या कंपनीच्या रोलशी ताडावा. कागद फार खडबडीत असेल, तर तो हेड घासून टाकतो, आणि हेडची किंमत कित्येक रोलांच्या बचतीहून जास्त असते. छपाई फिकी वाटल्यास यंत्राची उष्णता वाढवण्याआधी कागद बदलून पाहावा. वर्षाचा साठा एकदम करून तो पत्र्याखाली ठेवू नये. कोरा रोलही उन्हात राहिला तर कडेने करडा होतो. रोलच्या शेवटी दिसणारी लाल पट्टी संपत आल्याची खूण आहे, तिच्यावर छापलेले बिल ग्राहकाला देऊ नये; वाचायला कठीण जाते आणि झेरॉक्समध्ये तो भाग काळपट येतो.

प्रश्न : जुन्या पावत्या रद्दीत घालाव्यात का?

घालू नयेत. रद्दीतून नवा कागद बनताना यातील बिस्फेनॉल लगद्यात मिसळते आणि पुढे टिश्यू पेपर किंवा खोक्यांच्या पुठ्ठ्यातही सापडते. बंबात किंवा शेकोटीत जाळू नयेत आणि शेणखताच्या खड्ड्यातही टाकू नयेत. घंटागाडीत त्या सुक्या कचऱ्यात, पण वह्या-वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यापासून वेगळ्या द्याव्यात. ज्या दुकानांत ग्राहक निम्म्या पावत्या काउंटरवरच टाकून जातात, तेथे पावती छापण्यापूर्वी ‘कागदावर हवी की मोबाइलवर?’ असे विचारण्याची पद्धत पाडणे सर्वांत स्वस्त पडते.